पाच लाखांचा हट्ट

इंग्लंडच्या स्थानिक कारभाराची पन्नास वर्षांची घडी मोडण्याचा घाट तिथल्या मजूर पक्षाच्या सरकारने घातला आहे. १६ डिसेंबर २०२४ रोजी निघालेल्या श्वेतपत्रिकेनुसार २१ काउंटी परिषदा आणि त्यांच्या पोटातल्या १६४ डिस्ट्रिक्ट परिषदा मोडीत निघतील. त्यांच्या जागी एकस्तरीय परिषदा येतील आणि त्यांची लोकसंख्या साधारण पाच लाख किंवा त्याहून अधिक असावी, अशी अपेक्षा आहे. समर्थकांचा दावा असा की पैसा वाचेल, गोंधळ संपेल, परिषदा आर्थिकदृष्ट्या भक्कम होतील आणि लंडनमधली सत्ता खाली उतरेल. हे चारही दावे मला तपासाअंती टिकणारे वाटत नाहीत. मुळात या प्रस्तावात दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारलेली आहे. दोन स्तरांचा एक स्तर करणे ही एक गोष्ट. लहान परिषदांची मोठी परिषद करणे ही दुसरी. पहिलीच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. दुसरीच्या बाजूने पुरावा फार थोडा आहे. सरकार युक्तिवाद पहिलीचा करते आणि माथी मारते दुसरी. आपल्याकडेही महापालिकांच्या हद्दवाढीचा विषय निघाला की हीच सरमिसळ होते, म्हणून हा वाद मराठी वाचकाला परका नाही.

आधी समर्थकांच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू. १९७२ च्या कायद्याने १ एप्रिल १९७४ पासून जी रचना आली, तिच्यात कामांची वाटणी सामान्य माणसाला चक्रावून टाकणारी आहे. घरचा कचरा उचलायचा डिस्ट्रिक्टने, त्याची विल्हेवाट लावायची काउंटीने. घरबांधणीची परवानगी द्यायची डिस्ट्रिक्टने, त्या घरांपर्यंतचा रस्ता आणि तिथल्या मुलांची शाळा बघायची काउंटीने. कौन्सिल टॅक्सचे, म्हणजे घरपट्टीचे, बिल डिस्ट्रिक्टच्या नावाने येते, पण त्यातला मोठा वाटा काउंटीकडे जातो. शिव्या मात्र डिस्ट्रिक्टला बसतात. बेघर कुटुंबाला निवारा देणारी परिषद एक आणि त्या कुटुंबातल्या मुलांची काळजी वाहणारी दुसरी, अशी फारकत असली की दोघींच्या मधल्या फटीत माणूस पडतो. ही फारकत मिटावी असे म्हणणारा माणूस लोकशाहीचा वैरी ठरत नाही. जबाबदार कोण हे मतदाराला ठाऊक असणे ही लोकशाहीचीच गरज आहे. तेव्हा एकस्तरीय कारभाराला माझा तत्त्वतः विरोध नाही.

पण एकस्तरीय म्हणजे अवाढव्य, हे कुठून आले? रटलंड ही इंग्लंडमधली एकस्तरीय परिषदच आहे आणि तिची लोकसंख्या चाळीस हजारांच्या आसपास आहे. हार्टलपूल एक लाखाच्या आतबाहेर, डार्लिंग्टन त्याहून थोडे मोठे, दोन्हीही एकस्तरीय. या गावांत कचरा, शाळा, घरे आणि वृद्धांची काळजी एकाच छपराखाली आहे आणि त्यासाठी पाच लाख डोकी जमवावी लागलेली नाहीत. म्हणजे गोंधळ मिटवण्याचा हेतू खरा असेल, तर तो लहान आकारातही साधतो. शिवाय ज्या श्वेतपत्रिकेने खालचा एक स्तर निरुपयोगी ठरवला, तिनेच वर एक नवा स्तर उभा केला आहे. वाहतूक, आर्थिक विकास, कौशल्य प्रशिक्षण वगैरेंसाठी ‘स्ट्रॅटेजिक ऑथॉरिटी’ नेमायची, तिच्यावर शक्यतो थेट निवडून आलेला महापौर बसवायचा आणि तिच्या क्षेत्रात पंधरा लाख लोक असावेत, असे ते सूत्र आहे. म्हणजे स्तर दोनच राहिले, फक्त दोन्ही नागरिकापासून एकेक पायरी वर सरकले. उद्या रस्त्यावरच्या बसबद्दल महापौराकडे जायचे की परिषदेकडे, हा प्रश्न आजच्या कचऱ्याच्या प्रश्नाइतकाच गुंत्याचा असणार आहे. गोंधळ संपवण्याची भाषा करणाऱ्यांनी याचे उत्तर दिलेले नाही.

आता पाच लाख या आकड्याकडे पाहू. १९६९ मध्ये रेडक्लिफ-मॉड आयोगाने लंडन आणि तीन महानगरी प्रदेश वगळून उरलेल्या इंग्लंडसाठी ५८ एकस्तरीय परिषदा सुचवल्या, तेव्हा किमान लोकसंख्या अडीच लाखांच्या आसपास धरली होती. आयोगाने करवून घेतलेल्या संख्याशास्त्रीय अभ्यासांतही परिषदेचा आकार आणि तिची कार्यक्षमता यांचे ठोस नाते हाती लागले नव्हते. आकड्याचा भर मुख्यतः खात्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या साक्षींवर होता. ऑक्टोबर २०२० मध्ये कम्ब्रिया, नॉर्थ यॉर्कशर आणि सॉमरसेट यांना प्रस्ताव मागवताना सरकारने तीन ते सहा लाखांची चौकट दिली. त्याच फेरीत कम्ब्रियाचे जे दोन तुकडे मंजूर झाले, ते दोन्ही तीन लाखांच्या खाली होते. चार वर्षांनी आकडा पाच लाखांवर गेला, आणि काही महिन्यांतच मंत्र्यांना सांगावे लागले की हा कडक नियम नाही, दिशा दाखवणारे सूत्र आहे. अडीच लाख, तीन ते सहा लाख, पाच लाख: या प्रवासात मधल्या काळात कोणता नवा शोध लागला, हे कुणी सांगितलेले नाही. शास्त्रातून आलेला आकडा असा दर पिढीला फुगत नाही. हा आकडा प्रशासनाच्या सोयीतून आला आहे. व्हाइटहॉलला, म्हणजे लंडनमधल्या सरकारी खात्यांना, दीडदोनशे परिषदांशी बोलण्यापेक्षा पन्नास-साठांशी बोलणे सोपे जाते, एवढाच त्याचा अर्थ.

समर्थकांचे हुकमी पान आहे ते बचतीचे. काउंटी परिषदांच्या संघटनेने २०२० मध्ये पीडब्ल्यूसी या सल्लागार कंपनीकडून अहवाल करवून घेतला. तेव्हाच्या सर्व २५ द्विस्तरीय भागांत काउंटीएवढी एकच परिषद केली तर पाच वर्षांत सुमारे २९० कोटी पौंड वाचतील, असा त्याचा निष्कर्ष होता. संघटना काउंट्यांची आणि निष्कर्ष काउंट्यांच्या सोयीचा, हा योगायोग क्षणभर बाजूला ठेवू. डिस्ट्रिक्टांच्या संघटनेनेही आपल्या सोयीचे अभ्यास करवून घेतले आहेत आणि मी त्यांच्यावरही विसंबणार नाही. पण सरकारने स्वतः काय केले? बचतीचा स्वतंत्र अभ्यास सरकारने करवलाच नव्हता, हे बीबीसीने ऑगस्ट २०२५ मध्ये उघड केले. श्वेतपत्रिकेचा आधार तोच जुना अहवाल होता. दरम्यान खुद्द काउंटी संघटनेने नवे हिशेब मांडले आणि त्यांत असे निघाले की परिषदांचे तुकडे लहान पडले तर बचत होणार नाहीच, उलट खर्च वाढेल. ज्या कागदावर इमारत उभी केली, तो कागद लिहून घेणाऱ्यांनीच त्यावर शेरा मारला आहे.

हितसंबंध नसलेला पुरावा हवा असेल तर डेन्मार्ककडे जावे लागते. २००७ मध्ये तिथे २७१ नगरपालिकांच्या ९८ झाल्या. काही नगरपालिकांचे विलीनीकरण झाले आणि काही आहेत तशाच राहिल्या, त्यामुळे दोन गटांची आधी आणि नंतर अशी तुलना करणे अभ्यासकांना शक्य झाले. ब्लोम-हान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू’मध्ये ती तुलना प्रसिद्ध केली. निष्कर्ष असा की कार्यालयीन प्रशासनाचा खर्च घटला, काही सेवांचा वाढला, काहींवर परिणामच झाला नाही आणि एकूण खर्चात पद्धतशीर बचत दिसली नाही. यावर कुणी म्हणेल की डेन्मार्क लहान देश, त्याचे इंग्लंडला काय? पण इथे फरक समर्थकांच्या विरुद्ध जातो. डेन्मार्कने मोठेपणाची जी रेघ आखली, ती होती वीस हजार लोकसंख्येची. तिथल्या विलीन नगरपालिका इंग्लंडमधल्या आजच्या ‘फार लहान’ डिस्ट्रिक्टहूनही बहुधा लहान आहेत. एकत्र येण्याने काही वाचायचे असेल तर ते अशा तळाच्या आकारातच वाचायला हवे होते. तिथेच एकूण खर्च हलला नाही, तर लाखभर वस्तीच्या परिषदेचे पाच लाख करून काय वाचणार, याचा खुलासा समर्थकांनी करायला हवा.

बचत का होत नाही, हे कामाच्या स्वरूपावरून कळते. विलीनीकरणाने मुख्य कार्यकारी अधिकारी कमी होतात, संगणक प्रणालीची एक खरेदी वाचते, काही इमारती विकता येतात. ही बचत खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण ती एकदाच होते, आणि तिच्यातून स्वेच्छानिवृत्तीची भरपाई, वेतनश्रेण्या जुळवताना वरच्या श्रेणीकडे होणारी ओढ आणि प्रणाली बदलण्याचा खर्च वजा करावा लागतो. उरलेला खर्च हा हातांचा आणि पायांचा असतो. कचऱ्याची गाडी जितक्या गल्ल्या तितक्याच फिरते. एका वृद्धेला आंघोळ घालायला जितका वेळ लागतो तितकाच लागतो, परिषद लाखाची असो वा दहा लाखांची. आणि जिथे मोठ्या आकाराचा फायदा होऊ शकतो असे म्हणतात, ती सामाजिक काळजीची सेवा तर आजही काउंटीच्याच आकारात चालते. केंट काउंटीची लोकसंख्या सोळा लाखांच्या घरात आहे. पाच लाखांच्या हिशेबाने केंटचे तीनचार तुकडे पडतील. म्हणजे कचऱ्याचे खाते मोठे होईल आणि बालसंगोपनाचे खाते फुटेल. ज्या खात्याला मोठेपणाची गरज सांगितली जाते तेच लहान होणार, हा या योजनेतला अंतर्विरोध आहे. २०२१ मध्ये नॉर्थम्प्टनशरच्या दोन एकस्तरीय परिषदा झाल्या तेव्हा मुलांच्या सेवा फुटू नयेत, म्हणून दोघींसाठी मिळून एक स्वतंत्र ट्रस्ट काढावा लागला. मोडून परत जोडण्याची ही कसरत कुणाचा पैसा वाचवते?

तिसरा दावा मजबुतीचा. लहान परिषदा आर्थिक धक्के सोसू शकत नाहीत, मोठ्या सोसतात, असे म्हणतात. गेल्या काही वर्षांत ज्या परिषदांनी कलम ११४ ची नोटीस काढली, म्हणजे जमाखर्चाची तोंडमिळवणी होत नाही असे अधिकृतपणे जाहीर केले, त्यांची नावे पाहा: क्रॉयडन, स्लाव, थरॉक, नॉटिंगहॅम, बर्मिंगहॅम. या साऱ्या एकस्तरीय आहेत. त्यांपैकी बर्मिंगहॅमची लोकसंख्या अकरा लाखांहून अधिक आहे आणि ही युरोपातली सर्वात मोठी स्थानिक परिषद असल्याचे सर्रास सांगितले जाते. सप्टेंबर २०२३ मध्ये ती गुडघ्यांवर आली ती समान वेतनाच्या थकीत देण्यांमुळे आणि फसलेल्या संगणक प्रणालीमुळे. दोन्ही चुका तिच्या आकारामुळेच इतक्या महाग पडल्या. यावर समर्थक वोकिंगचे नाव पुढे करतील, आणि ते रास्तच आहे. सरी काउंटीतल्या या लाखभर वस्तीच्या बरोने (बरो हे अशा डिस्ट्रिक्टचेच दुसरे नाव) गगनचुंबी इमारतींच्या नादात सुमारे १८० कोटी पौंडांचे कर्ज करून ठेवले आणि जून २०२३ मध्ये हात वर केले. पण यातून काय सिद्ध होते? लहान परिषद बुडू शकते, मोठी बुडू शकते, एकस्तरीय बुडू शकते आणि नॉर्थम्प्टनशरसारखी द्विस्तरीय काउंटीही २०१८ मध्ये बुडाली. या सगळ्यांना जोडणारा धागा आकाराचा नाही. केंद्राकडून येणारा पैसा आटला होता, स्वस्त सरकारी कर्ज सहज मिळत होते आणि परिषदांच्या हिशेबांवर नजर ठेवणारा ऑडिट कमिशन सरकारने २०१५ मध्ये बंद केला होता. पहारेकरी काढून टाकायचा आणि चोरी झाल्यावर घर लहान होते म्हणायचे, यात काही तर्क नाही. सरीची आता पूर्व आणि पश्चिम अशा दोन परिषदांत वाटणी ठरली आहे. काउंटीतल्या बहुतेक बरो आणि डिस्ट्रिक्टांनी तीन मागितल्या होत्या. सरकारने वोकिंगच्या कर्जापैकी ५० कोटी पौंड फेडण्याची तयारी दाखवली आहे. उरलेला बोजा मात्र पश्चिम सरीतल्या त्या शेजाऱ्यांच्या पदरी पडणार, ज्यांनी त्या कर्जाला कधी मत दिले नव्हते.

खरे दुखणे कुठे आहे हे ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्येच दाखवले होते. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात केंद्राकडून परिषदांना मिळणारा निधी महागाईचा हिशेब धरून ४९ टक्क्यांनी घटला. त्याच काळात वृद्धांची संख्या वाढत होती, आणि विशेष गरजा असलेल्या मुलांवरचा खर्च तेव्हापासून चढतोच आहे. वरच्या स्तरावरच्या परिषदांचा निम्म्याहून बराच अधिक खर्च आज प्रौढांच्या आणि मुलांच्या काळजीवर होतो, आणि तो करायचा की नाही हे त्यांच्या हातात नाही; कायद्याने तो बंधनकारक आहे. उत्पन्नाची बाजूही बांधलेली. कौन्सिल टॅक्स आजही घरांच्या १९९१ सालच्या किमतींवर आकारला जातो. फेरमूल्यांकनाची घंटा मांजराच्या गळ्यात बांधायची एकाही सरकारची हिंमत झाली नाही. सॉमरसेटचे उदाहरण बोलके आहे. तिथे एप्रिल २०२३ मध्ये एकच एकस्तरीय परिषद आली आणि सहासात महिन्यांतच तिने आर्थिक आणीबाणी जाहीर केली. २०२५-२६ साठी तिला नेहमीची मर्यादा ओलांडून साडेसात टक्के करवाढ करण्याची खास परवानगी घ्यावी लागली. विलीनीकरणाने सॉमरसेट बुडाले असे मी म्हणणार नाही; काळजीच्या खर्चाचा भार आधीपासूनच होता. पण विलीनीकरणाने ते तरले नाही, एवढे तर उघड आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा उपाय आहे. उलट आणखी एक धोका त्यातून निघतो. स्वतंत्र डिस्ट्रिक्टच्या तिजोरीत उद्याने, जलतरण तलाव, नाट्यगृहे यांचा पैसा सुरक्षित असे, कारण तिच्यावर काळजीची बंधनकारक जबाबदारीच नव्हती. एक तिजोरी झाली की बंधनकारक खर्च ऐच्छिक खर्चाला गिळतो. मग बागेला कुलूप लागते आणि ते कुणी लावले याचाही पत्ता लागत नाही.

आता चौथा दावा, सत्ता खाली उतरण्याचा; म्हणजेच प्रतिनिधित्वाचा मुद्दा. नॉर्थ यॉर्कशरमध्ये २०२३ पर्यंत एक काउंटी आणि सात डिस्ट्रिक्ट मिळून सदस्यांच्या सुमारे तीनशे जागा होत्या. आता एका परिषदेत ९० सदस्य आहेत आणि तिचा विस्तार सुमारे आठ हजार चौरस किलोमीटर आहे. गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे ही एक ‘स्थानिक’ संस्था गोव्याच्या दुपटीहून मोठी. गोव्यात चाळीस आमदार आहेत, पण त्यांच्या खाली १९१ पंचायती आणि चौदा नगरसंस्था आहेत. यावर मुंबईकर वाचक हसेल, हे मला ठाऊक आहे. नॉर्थ यॉर्कशरचा सदस्य सातेक हजार लोकांचा प्रतिनिधी. मुंबई महापालिकेचा नगरसेवक २०११ च्या जनगणनेनुसारच पन्नास हजारांहून अधिक लोकांचा. मग तक्रार कसली? उत्तर असे की मुंबईचे प्रमाण हे अनुकरणाचे नाही, इशाऱ्याचे उदाहरण आहे. वॉर्डातल्या गटारीपासून रस्त्याच्या खड्ड्यापर्यंत एका नगरसेवकावर किती आशा टांगलेल्या असतात हे मुंबईकराला वेगळे सांगायला नको. आणि ग्रामीण महाराष्ट्राशी तुलना केली तर चित्र उलटते. १९६२ पासून आपल्याकडे जिल्हा परिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायत असे तीन थर आहेत, आणि सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींना ग्रामसभा, कर आणि घटनेचे कवच आहे. इंग्लंडमध्ये डिस्ट्रिक्ट गेली की खऱ्या अधिकारांची सर्वात खालची पायरीच निखळते.

पायरी निखळणार नाही, पॅरिश आणि टाउन कौन्सिले आहेत आणि नव्या परिषदांत परिसर समित्याही असतील, असे उत्तर येते. पॅरिशांची संख्या दहा हजारांच्या आसपास आहे हे खरे, पण त्यांच्या हाती काय? बाके, स्मशानभूमी, लोकांना भाजीपाला लावायला भाड्याने दिलेल्या जमिनी आणि बांधकाम परवानगीवर केवळ मत नोंदवण्याचा हक्क. मोठ्या शहरी भागांत तर बहुतेक ठिकाणी पॅरिश नाहीतच. परिसर समिती ही मोठ्या परिषदेच्या मर्जीवरची समिती. तिला अंदाजपत्रक वरून मिळते आणि वरूनच काढून घेता येते. सल्ला देण्याचा अधिकार आणि निर्णयाचा अधिकार यांतला फरक वॉर्ड सभांच्या कागदावरच्या तरतुदी पाहिलेल्या आपल्या वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही. शिवाय या मार्गाने बचतीचा हिशेबही फसवा होतो. २०१९ मध्ये डॉर्सेटची पुनर्रचना झाली तेव्हा वेमथमध्ये नवे टाउन कौन्सिल काढावे लागले. अशा कौन्सिलांच्या करवाढीला मोठ्या परिषदांसारखी जनमताची मर्यादाही लागू नाही. वरच्या वहीतून खर्च कमी दाखवायचा आणि तोच खालच्या वहीत चढवायचा, याला बचत म्हणत नाहीत.

लोकांनाच याचे सोयरसुतक नाही, स्थानिक निवडणुकांत तीनांतला एक मतदार जेमतेम येतो, असाही आक्षेप आहे. तो खरा असता तर सरकारने लोकांना विचारायला घाबरण्याचे कारण नव्हते. क्राइस्टचर्चने २०१७ मध्ये स्वतःहून मत घेतले, ८४ टक्के लोकांनी बोर्नमथ आणि पूलशी विलीनीकरण नाकारले, आणि तरीही २०१९ मध्ये ते झाले. सॉमरसेटच्या डिस्ट्रिक्टांनी २०२१ मध्ये मत घेतले. मतदान कमी होते हे मान्य, पण मत देणाऱ्यांत स्पष्ट बहुमत दोन परिषदांच्या बाजूने होते, सरकारने एक केली. २०२५ च्या मे महिन्यात तर पुनर्रचनेच्या नावाखाली नऊ परिषदांच्या निवडणुकाच पुढे ढकलण्यात आल्या. उत्तर ठरलेले असताना विचारले की लोक उत्तर देणे सोडतात, यात नवल नाही. लासन आणि सेरिट्झलेव्ह यांनी २०११ मध्ये डेन्मार्कच्याच पुनर्रचनेवरून दाखवले की मोठ्या नगरपालिकेत गेलेल्या नागरिकांचा ‘आपल्याला स्थानिक राजकारण समजते, त्यात आपण काही करू शकतो’ हा विश्वास घटला. उदासीनता हे मोठ्या परिषदा करण्याचे कारण म्हणून सांगितले जाते. तो त्यांचा परिणामही आहे.

हे सारे वाचताना पुणे आणि कल्याण डोळ्यांपुढे येणे अपरिहार्य आहे. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. क्षेत्रफळ पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे जाऊन तिने मुंबईलाही मागे टाकले. अपुऱ्या सुविधा आणि चढी मिळकतपट्टी यांवरून असंतोष इतका वाढला की फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही आत आणलेली गावे बाहेर काढून २०२४ मध्ये त्यांची वेगळी नगरपरिषद करावी लागली. कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचा आत-बाहेरचा खेळ तर १९८३ पासून चालू आहे. आपल्याकडे घटनेची ७३ वी आणि ७४ वी दुरुस्ती आहे, मुदतीत निवडणूक घेण्याचे बंधन आहे, तरीही मुंबई महापालिका मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे प्रशासकाच्या हाती होती. इंग्लंडमध्ये तर असे लिखित कवचही नाही. संसदेतले साधे बहुमत शतकभराच्या नगरसंस्थेला एका आदेशाने पुसून टाकू शकते. म्हणूनच तिथे पुराव्याची अपेक्षा आपल्याकडच्यापेक्षाही कडक असायला हवी.

मग काहीच करायचे नाही का? करायचे, पण क्रम बदलून. डेव्हनमधल्या साउथ हॅम्स आणि वेस्ट डेव्हन, सफकमधल्या बेबर आणि मिड सफक या डिस्ट्रिक्टांनी स्वतंत्र राहून कर्मचारीवर्ग एक केला. बेबरच्या मतदारांनी तर २०११ मध्ये पूर्ण विलीनीकरण नाकारले, तरी एकत्र काम थांबले नाही. कचेरीचा खर्च वाचवायला सभागृह बंद करावे लागत नाही, हे यातून दिसते. फ्रान्समध्ये सुमारे ३५ हजार कम्यून टिकून आहेत. पाणी, कचरा, वाहतूक यांसाठी त्या संघ करतात. हीच वाट इंग्लंडलाही मोकळी आहे. आधी काळजीच्या सेवांचा खर्च राष्ट्रीय पातळीवर उचलण्याचा निर्णय व्हावा, घरांचे फेरमूल्यांकन व्हावे, स्वतंत्र लेखापरीक्षण परत यावे. नंतर कोणते काम कोणत्या आकारात नीट होते हे कामागणिक ठरवावे. सीमा सर्वात शेवटी, आणि त्याही गावांच्या खऱ्या व्यवहारांवरून: माणसे कुठे कामाला जातात, कुठल्या बाजारात, कुठल्या दवाखान्यात जातात यांवरून. तिथे एक स्तर हवा असेल तर दीड लाखांचा एक स्तर करायलाही कुणाची आडकाठी नसावी.

यात वेळ जाईल, आणि परिषदा आज बुडत आहेत, हा शेवटचा आक्षेप. पण २०२४ च्या श्वेतपत्रिकेतल्या नव्या परिषदाही एप्रिल २०२७ किंवा २०२८ च्या आधी कामाला लागणार नाहीत आणि मधली वर्षे अधिकाऱ्यांची शक्ती खुर्च्यांच्या फेरवाटपात जाणार आहे. फेरमूल्यांकनाला जेवढा वेळ लागेल तेवढाच हा वेळ आहे. फरक इतकाच की फेरमूल्यांकनाने पैसा येऊ शकतो. आणि चूक झाली तर परतीची वाट अवघड आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडने २००८ मध्ये १५७ परिषदांच्या ७३ केल्या. नूसासह चार भागांनी २०१३ मध्ये मतदान करून स्वतंत्र होण्याचा हक्क मिळवला, पण त्यासाठी फुटण्याचा खर्च त्यांनाच सोसावा लागला. बाकीच्यांना तीही संधी मिळाली नाही. जो बदल करायला सोपा आणि मोडायला कठीण असतो, त्याचा पुरावा मागण्याचा हक्क विरोधकाचा असतो आणि तो देण्याची जबाबदारी प्रस्ताव मांडणाऱ्याची. पाच लाखांचा आकडा पुढे करणाऱ्यांनी ती अजून पार पाडलेली नाही. ती पार पडेपर्यंत इंग्लंडच्या डिस्ट्रिक्टांना मुदतीत निवडणूक आणि स्वतःची तिजोरी ठेवू द्यावी.